किनारीचा पट्टा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आहे! आहे! चौदाच्या चौदा स्फटिकांत आहे!

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत. असू दे. ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार आहे?

आता नीट लिहिते. काचेवर चिकटवून घासलेले चौदा स्फटिक. प्लॅजिओक्लेजचे — म्हणजे आमच्या डोंगराच्या लाव्हात तांदळाच्या कणीएवढे पांढरे दाणे दिसतात ना, ते. आत सगळं शहाण्या मुलासारखं: मध्यभागी कॅल्शियम जास्त, बाहेर येत येत कमी, आणि त्याच्या जागी सोडियम वाढत जातं. शिलारस कढत असला की दाण्यावर कॅल्शियमचा थर चढतो, निवत गेला की सोडियमचा. इथपर्यंत काही विशेष नाही. पण अगदी कडेला, किनारीला लागून — उसळी! कॅल्शियम एकदम वर, पट्टाच्या पट्टा! म्हणजे शेवटच्या घडीला खालून नवा, ताजा, कढत रस आला. तो आला आणि डोंगर फुटला!

आणि हे थर नंतर बदलत नाहीत, त्यातच सगळी गंमत आहे. कॅल्शियमला जागा सोडायची तर ॲल्युमिनियमलाही सोबत उठावं लागतं, आणि ही जोडी काही केल्या एकत्र उठत नाही. आमच्या मामा-मामींसारखं. मामा निघायला उठले की मामी आणखी एक गोष्ट सांगायला बसते. म्हणून हजारो वर्षांपूर्वीचा गरमपणा त्या दाण्यात जिथल्या तिथे.

आमच्या विभागाच्या तळघरात इलेक्ट्रॉनच्या झोताचं यंत्र आहे. झोत स्फटिकाच्या एका ठिपक्यावर टाकायचा, तिथे काय किती आहे ते यंत्र सांगतं. ते चालवणारे काका शेजारीच बसले होते. मी त्यांच्यासमोर चक्क गिरकी घेतली. ते म्हणाले, "ताई, नाचायचं तर वर जाऊन नाचा. इथे जमीन हलली की आकडे हलतात."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

थंडोबांना सांगितलं!

थंडोबा म्हणजे माझे मार्गदर्शक. तोंडावर 'सर', पाठीमागे अख्खी इमारत थंडोबा म्हणते. भूकंप झाला तरी हा माणूस आधी चष्मा पुसेल. सगळ्याला एकच उत्तर — "बघू." मला इथे प्रवेश हवा होता तेव्हा "बघू." माझं लग्न ठरलं, बोलवायला गेले, तेव्हासुद्धा "बघू"!

पण याच माणसाने ऐन तिशीत एक धाडसी कल्पना मांडली होती. डोंगराखाली शिलारसाचं एकच मोठं भांडं आहे. त्यात रस सावकाश निवतो, स्फटिक धरतात, आणि मधूनच खालून कढत रसाची भर पडते. भर पडली की भांडं उतू जातं. छान! फक्त भर पडल्याचा पुरावा कोणाला कधी मिळाला नाही. जिथे जातील तिथे लोक म्हणायचे, भांडं ठीक आहे हो, पण ओतणारा कुठाय? तीस वर्षं लोकांनी हसून घेतलं. सरांनी चष्मा पुसला. आता या महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त होताहेत, २८ तारखेला निरोपाचं भाषण आहे — आणि ऐन वेळी माझा पट्टा! देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. इथे डोंगर फोडून दिलं.

आकडे दाखवले. चष्मा पुसला. "बघू" म्हणाले. मग थोड्या वेळाने आपणहून पुन्हा "बघू, बघू" म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. मी स्वतः पाहिलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

थंडोबा जिन्यात शीळ घालत होते. शीळ!! बेसूर होती, पण शीळच होती. ऑफिसातल्या बाई हातातली फाइल तशीच धरून दाराबाहेर येऊन बघून गेल्या.

रविवार, ९ फेब्रुवारी

घरात सगळ्यांचं डोकं खाल्लं. नवरा दाताचा डॉक्टर, त्यामुळे त्याला वाटतं जगातल्या प्रत्येक कठीण पदार्थावर त्याचा हक्क आहे. "दातालाही थर असतात," म्हणाला. असतात. पण तुझ्या पेशंटच्या दाढेतून ज्वालामुखी निघतो का? नाही ना? मग गप्प बस आणि ऐक.

सासूबाई वाटाणे सोलत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "अगं, जरा पाय जमिनीला लाव. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी."

"आई, लांडगा कुठला, कॅल्शियम आहे ते!"

"नाव काही का असेना."

मी त्यांच्या हातातले वाटाणे पळवले आणि खाल्ले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सरांनी खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि भाषण वाचून दाखवलं. मला! आधी सगळं नेहमीसारखं सपाट, रेल्वेच्या वेळापत्रकासारखं. पण शेवटची दहा पानं — दहा! — पट्ट्यावर. "माझ्या विद्यार्थिनीने मोजलेल्या चौदा स्फटिकांनी हा वाद मिटवला आहे." या वाक्याला त्यांचा आवाज हलला. त्यांनी पाणी प्यायलं. मी खिडकीबाहेरच्या सायकली मोजल्यासारखं केलं.

मग म्हणाले, एक मोठं चित्र काढ. चौदाही स्फटिक एका ओळीत, पट्टा लाल रंगात, शेवटच्या बाकावरच्या माणसालाही दिसला पाहिजे.

मी हवेत आहे. घरी चालत आले की तरंगत, आठवत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

लाल रंग संपला. नवीन आणला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाहीये. पण लिहिते.

चित्र जवळजवळ झालं होतं. चौदा स्फटिक मोठे करून ओळीत मांडले, लहान-मोठे सगळे, आणि प्रत्येकाला लाल किनार भरत गेले. छान दिसत होतं. जरा जास्तच छान. मागे सरकून पाहिलं तर लहान दाण्याची किनार आणि त्याच्या तिप्पट मोठ्या दाण्याची किनार तंतोतंत सारख्या रुंदीची. सगळ्यांचा पट्टा कडेपासून वीस मायक्रॉनवर सुरू. एकही अठरा नाही, एकही पंचवीस नाही. निसर्ग एवढा शिस्तीचा कधीपासून झाला?

वीस मायक्रॉन हे मला पाठ आहे! कडेची जागा अरुंद म्हणून तिथून पुढे मीच झोत बारीक करायचे. आत रुंद झोत, कडेला एक मायक्रॉनचा. आणि बारीक झोत म्हणजे सगळी आग एका टिंबावर. सोडियम हलकंफुलकं, त्याला ती आग सोसत नाही. मोजेमोजेपर्यंत ते झोताखालून निसटून जातं. सोडियम गेलं की उरलेल्यात कॅल्शियमचा वाटा आपोआप जास्त दिसतो. डोंगराखाली कोणी काही ओतलेलं नाही. मी झोत ओतला.

तरी यंत्राने सांगितलं होतं. सगळ्या घटकांची बेरीज शंभराच्या आसपास यायला हवी, कडेला ती सत्त्याण्णव, शहाण्णव येत होती. मी काय केलं? तक्ता नीट दिसावा म्हणून सगळ्या बेरजा शंभरवर आणून ठेवल्या. आपण होऊन! पळून गेलेल्यांची हजेरी लावली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बारीक झोताखाली सोडियम पळतं — हे पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी शिकवते. मी!!

बुधवार, १९ फेब्रुवारी

सरांना सांगितलं नाही. दोनदा दारापर्यंत गेले. एकदा ते फोनवर होते. एकदा नव्हते, तरी परत आले.

भाषण नऊ दिवसांवर. बाहेरगावहून माणसं येणार आहेत — ओतणारा कुठाय म्हणून हसणारीसुद्धा. जन्मात पहिल्यांदा शीळ घालणाऱ्या माणसाला मी काय सांगू? की तुमचा पुरावा म्हणजे माझा गाढवपणा? आणि नाही सांगितलं तर ते व्यासपीठावर उभे राहून खोटा आकडा वाचणार. माझ्या नावासकट.

घरी सासूबाईंनी तोंड बघूनच ओळखलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे बाकी कोणाला कळेल का?"

"कळेल आई. आज ना उद्या कोणीतरी रुंद झोताने मोजेलच."

"आणि त्या दिवशी तुझे सर कुठे असतील?"

"घरी. आरामखुर्चीत पेपर वाचत."

"मग म्हाताऱ्याला आरामखुर्चीत धक्का देण्यापेक्षा आत्ता पायावर उभा आहे तोवर दे. सावरेल तरी."

आणि वर, "जेवून घे. उपाशी पोटी खरं बोलू नये, रडायला येतं."

गुरुवार, २० फेब्रुवारी

सांगितलं. जेवून गेले होते तरी रडायला आलंच.

एका दमात ओतलं सगळं — "सर, पट्टा नाहीये. कडेला मी झोत बारीक केला होता. सोडियम पळालंय. चित्र काढताना कळलं."

थंडोबांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "बेरीज किती येत होती?"

"सत्त्याण्णव. कधी शहाण्णव."

"आणि तू ती शंभरवर आणलीस."

"हो सर."

टेबलावर भाषणाची पानं होती. त्यांनी ती उचलली, कडा जुळवल्या, परत ठेवली. मला वाटलं, आता "बघू" म्हणतील. म्हणाले, "चल."

"कुठे?"

"खाली. परत मोजू या. रुंद झोताने. आणि सोडियम आधी, पळायच्या आत."

जिना उतरताना मी पुढे, ते मागे. मी नाक ओढत होते. मागून आवाज आला, "रुमाल आहे?" नव्हता. त्यांनी स्वतःचा चष्मा पुसायचा रुमाल दिला! या इमारतीत असा मान कोणाला मिळालेला नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

गेला. चौदाच्या चौदा स्फटिकांतून पट्टा गेला. बेरीज शंभर, किनार सपाट, कॅल्शियम शांत.

मला वाटलं सर उठतील. उठले नाहीत. यंत्रासमोरच्या खुर्चीत आता त्यांनीच बस्तान मांडलं होतं. किती वर्षांनी बसले कोण जाणे, पण बोटं सरावाने चालत होती. काका कौतुकाने बघत होते. सर म्हणाले, "आलोच आहोत तर आरपार जाऊ. या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकही पाऊल न गाळता." मी आधी सगळं लक्ष कडेवर ठेवलं होतं, मधल्या भागात चार-दोन ठिपके मोजून उड्या मारत गेले होते. प्रेमात पडलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही म्हणतात ते असं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

अरे बापरे. अरे बापरे बापरे!

हे खरं आहे. बेरीज शंभर आहे. मी चारदा बघितली. सरांनी बघितली. काकांनासुद्धा बघायला लावली!

स्फटिकाच्या पोटात आणखी एक स्फटिक आहे. प्रत्येकाच्या! आतल्या गाभ्याची कड सरळ नाही, उंदराने कुरतडलेल्या बिस्किटासारखी आहे — म्हणजे कधीतरी तो गाभा अर्धवट विरघळला, आणि मग त्याच्यावर नवा थर चढला. ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी अशी की चौदा जणांचे गाभे एकमेकांशी जुळतच नाहीत! एकात कॅल्शियम भरपूर, दुसऱ्यात जेमतेम. दोन दाणे तर एकमेकांना चिकटलेले, मध्ये केसाचीही जागा नाही, आणि गाभे जसे काही दोन वेगळ्या देशांतले. सारखी आहे ती फक्त सगळ्यात बाहेरची पातळ साल.

एकाच भांड्यात वाढले असते तर सगळ्यांची हकीकत एकच असती. नाहीये! हे या शिलारसात जन्मलेच नाहीत. कोणी कुठे, कोणी कुठे, वेगवेगळ्या खोलीवर वाढले, आणि वर निघालेल्या रसाने जाता जाता सगळ्यांना गोळा केलं. एकत्र होते ते फक्त शेवटचे काही दिवस, फार तर काही वर्षं.

आम्ही तिघं यंत्राच्या उजेडात एकमेकांकडे बघत होतो. काका म्हणाले, "आता नाचलात तरी चालेल. मोजून झालंय." नाचले!

रविवार, २३ फेब्रुवारी

सासूबाईंना समजावून सांगितलं. वाढलेला कुठे, आला कुठे, आतला गाभा जुन्या जागेचा, वरची साल नव्या जागेची.

"म्हणजे सासुरवाशीण," त्या म्हणाल्या. "त्यात नवीन काय सांगितलंस? मी इथे चाळीस वर्षं आहे, वर सगळी यांच्या घरची साल. आत अजून माझा बापच बोलतो."

नवरा घास हातात धरून बघत राहिला. "आई, तू इथली आहेस असं वाटत नाही का तुला?"

"इथलीच आहे रे. साल चांगली जाड आहे."

आम्ही दोघी इतक्या हसलो की त्याने पाणी आणून दिलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सरांच्या खोलीत गेले. भाषणाची शेवटची दहा पानं टेबलावर नव्हती. नुसती दहा कशाला, आधीची वीसही नव्हती.

"भांडं गेलं," ते म्हणाले. बसमध्ये छत्री राहिली हे ज्या सुरात सांगतात त्या सुरात.

"सॉरी सर."

"कशाला? तीस वर्षं लोक मला विचारत होते, ओतणारा कुठाय. आता मी त्यांना विचारतो, भांडं कुठाय?" आणि हसले! दात दिसले! वरचा एक सोन्याचा आहे, मला माहीतच नव्हतं. नवऱ्याला सांगायला हवं.

मग आम्ही दुपारभर बसलो. भांडं नाही तर खाली आहे काय? सर म्हणाले, बहुतेक सगळं घट्टच असणार. ओल्या वाळूसारखं — दाणेच दाणे, आणि दाण्यांच्या फटीत थोडा रस. तो रस कुठेकुठे साचतो, वाट सापडली की वर निघतो, आणि वाटेतले दाणे उचलत येतो. आपण ज्याला एक शिलारस म्हणतो, तो एका जागी शिजलेला नसतोच. ती नाना ठिकाणची जमवाजमव असते. मी म्हटलं, सर, तुम्ही हे इतकं पटापट कसं मानलंत? ते म्हणाले, "आकडे चांगले आहेत." एवढंच. पण बोलताना बोटांनी टेबलावर ताल धरला होता.

मला इतका आनंद झालाय की भीती वाटते.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सभागृह भरलं होतं. हसणारे सगळे पहिल्या रांगेत. सासूबाईंना यायचंच होतं. त्या दुसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन, परीक्षकासारख्या.

थंडोबा उभे राहिले. कागद नाही, काही नाही. म्हणाले, "तीस वर्षं मी तुम्हाला डोंगराखाली एक भांडं आहे असं सांगत आलो. भांडं नाही." आणि थांबले. मग पडद्यावर कुरतडलेले गाभे आले, एकापाठोपाठ एक, चौदा. सरांनी पट्ट्याचीही गोष्ट सांगितली — झोत, पळालेलं सोडियम, शंभरवर आणलेली बेरीज — आणि पुढे म्हणाले, "ही चूक हिने स्वतः शोधली आणि स्वतः येऊन सांगितली. ती सांगितली नसती तर आपण आरपार मोजलं नसतं. आता उरलेलं हीच सांगेल." आणि सरळ खाली जाऊन बसले!

मी काय बोलले, देवाला माहीत. तोंड सुसाट सुटलं होतं. शेवटी पहिल्या रांगेतल्या टकल्या गृहस्थांनी विचारलं, "मग हे दाणे नेमके आले कुठून?" मी म्हटलं, "माहीत नाही!" — इतक्या आनंदाने म्हटलं की अख्खं सभागृह हसलं, ते गृहस्थसुद्धा. सर सगळ्यात मोठ्याने.

बाहेर पडताना सासूबाईंनी सरांना गाठलं. म्हणाल्या, "तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात हो." थंडोबांनी चष्मा पुसला. कान लाल! म्हणाले, "नाही. तसं काही नाही." विनय तरी किती!

सोमवार, ३ मार्च

काका यंत्र पुसत होते. सहज म्हणाले, "सर तेव्हाच येऊन विचारून गेले होते की."

"तेव्हा म्हणजे?"

"तुम्ही गिरकी घेतलीत ना, त्याच आठवड्यात. बुधवारी. मी पंप खोलून बसलो होतो म्हणून लक्षात आहे. म्हणाले, हिने कडेला झोत केवढा ठेवला होता? मी सांगितलं, एक मायक्रॉन. जरा वेळ उभे राहिले. जाताना म्हणाले, मी आलो होतो हे हिला सांगू नका. आता निवृत्त झाले, म्हणून सांगितलं."

बुधवार म्हणजे पाच तारीख. आणि ती दहा पानं मला वाचून दाखवली अकराला.

माझी परीक्षा बघत होते असं म्हणावंसं वाटतं. पण परीक्षा बघणारा माणूस दहा पानं लिहीत नाही. त्यांना तो पट्टा हवा होता. माझ्याहून जास्त हवा होता.